महामारीच्या काळातील आषाढी वारी आणि डिजिटल साधने : एक ऐतिहासिक अभ्यास (२०२०–२०२१)

सारांश

२०२० व २०२१ या दोन वर्षांत कोरोना महामारीमुळे पंढरपूरची आषाढी वारी पायी होऊ शकली नाही. संतांच्या पादुका एस.टी. बसमधून पंढरपुरास नेण्यात आल्या आणि बहुसंख्य भाविकांनी दूरदर्शन, भ्रमणध्वनी व समाजमाध्यमे यांच्या द्वारे दर्शन व कीर्तनश्रवण केले. या अनुभवावरून ‘डिजिटल साधनांनी परंपरा टिकवली’ असे विधान सर्रास केले जाते. प्रस्तुत शोधनिबंधात या विधानाची ऐतिहासिक दृष्टीने चिकित्सा केली आहे. डिजिटल साधनांनी वारीतील दर्शन व श्रवण ही दोन अंगे समर्थपणे वाहून नेली. परंतु परंपरेचे सातत्य मुख्यतः वारकरी संप्रदायात पूर्वापार असलेल्या प्रतिनिधित्वाच्या व नित्यनेमाच्या व्यवस्थेमुळे टिकले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : वारी, पालखी सोहळा, पादुका, साथरोग, डिजिटल साधने, प्रतिनिधित्व.

१. प्रस्तावना

महाराष्ट्राच्या धार्मिक व सामाजिक जीवनात पंढरपूरच्या वारीचे स्थान अनन्यसाधारण आहे. चैत्री, आषाढी, कार्तिकी व माघी अशा वर्षातून चार वाऱ्या होत असल्या, तरी आषाढ शुद्ध एकादशीची वारी ही सर्वांत मोठी मानली जाते. वारकरी संप्रदायात वारी हे केवळ तीर्थाटन नसून व्रत आहे. ते नेमाने करावयाचे असते व एकदा पत्करल्यावर सहसा सोडावयाचे नसते. त्यामुळेच २०२० साली वारी पायी होणार नाही हे स्पष्ट झाले, तेव्हा निर्माण झालेला प्रश्न निव्वळ एका यात्रेच्या रद्द होण्याचा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला नेम चुकतो की काय, असा तो प्रश्न होता.

इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने हा प्रसंग महत्त्वाचा आहे. एखादी परंपरा सुरळीत चालू असते तेव्हा तिचे आवश्यक घटक कोणते व आनुषंगिक कोणते हे सहजासहजी कळत नाही. संकटकाळी मात्र परंपरेचे वाहक स्वतःच निवड करतात. काय सोडता येईल व काय कोणत्याही परिस्थितीत सोडता येणार नाही, हे त्या निवडीतून दिसून येते. महामारीच्या दोन वर्षांत वारीच्या बाबतीत अशी निवड झाली. ती कोणी, कशाच्या आधारे केली आणि त्यात डिजिटल साधनांचा वाटा किती होता, हे पाहणे अगत्याचे आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (१) साथरोग व यात्रा यांच्या संबंधाचा ऐतिहासिक मागोवा घेणे. (२) वारकरी परंपरेने यापूर्वी नव्या तंत्रसाधनांचा स्वीकार कसा केला हे पाहणे. (३) २०२० व २०२१ मधील वारीत डिजिटल साधनांनी केलेले कार्य व त्यांच्या मर्यादा स्पष्ट करणे. (४) परंपरा टिकण्यामागील मूळ कारणांचा शोध घेणे.

निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून संप्रदायाचा इतिहास, त्या काळातील शासकीय निर्णय आणि प्रसिद्ध झालेल्या घटना यांचा आधार घेतला आहे. अभ्यासाची व्याप्ती प्रामुख्याने आळंदी व देहू येथील पालखी सोहळ्यांपुरती मर्यादित आहे.

३. वारीचे स्वरूप व तिची अंगे

संतांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरपुरास नेण्याच्या प्रथेचे श्रेय परंपरेने तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांना दिले जाते व ही घटना इ. स. १६८५ च्या सुमाराची मानली जाते. ज्ञानेश्वर व तुकाराम या दोन्ही संतांच्या पादुका तेव्हा एकत्र नेल्या जात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा जिल्ह्यातील आरफळचे हैबतरावबाबा यांनी ज्ञानेश्वर महाराजांचा स्वतंत्र पालखी सोहळा सुरू केला. शिंदे सरकारच्या पदरी असलेल्या या सरदाराने सोहळ्याला जी शिस्त लावली, ती दिंड्यांचा क्रम, चोपदारांची व्यवस्था, मुक्कामावरील समाजआरती या रूपांत आजही पाळली जाते.

आळंदीहून निघालेली पालखी पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर, वाखरी या मार्गाने, तर देहूची पालखी लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज या मार्गाने पंढरपुरास पोहोचते. सुमारे अडीचशे किलोमीटरच्या या वाटचालीत अनेक अंगे एकत्र गुंफलेली असतात. पहाटेचा काकडा, वाटेवरील भजन व हरिपाठ, रात्रीचे कीर्तन व जागर हे श्रवणाचे अंग होय. नीरास्नान, रिंगण, चंद्रभागेतील स्नान व नगरप्रदक्षिणा हे आचाराचे अंग होय. वाटेवरील गावांनी केलेले अन्नदान, वारकऱ्यांना दिलेला आसरा, दिंडीतील भिशी व पंगत हे सामाजिक अंग होय. शेवटी विठ्ठलाचे दर्शन येते. या सर्वांना जोडणारा धागा म्हणजे चालणे. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात, तसेच दि. बा. मोकाशी यांनी ‘पालखी’ (१९६४) या पुस्तकात वारीचे जे दर्शन घडविले आहे, त्यातही मंदिरापेक्षा वाटेलाच अधिक जागा मिळाली आहे, ही गोष्ट लक्षणीय होय.

पंढरपुरातील दर्शनाचेही एक वैशिष्ट्य आहे. येथे भाविकाला देवाच्या पायांवर डोके ठेवता येते. या पदस्पर्श दर्शनाला सामाजिक इतिहासाची किनार आहे. हा अधिकार अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला दीर्घकाळ नाकारला गेला होता. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केल्यानंतर मंदिराची दारे सर्वांना खुली झाली. देवाच्या पायांपर्यंत प्रत्यक्ष पोहोचणे हा इतक्या प्रयासाने मिळालेला हक्क आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय महामारीतील ‘दुरून दर्शना’चा अर्थ पुरता कळत नाही.

४. साथरोग, यात्रा आणि राज्यसत्ता : ऐतिहासिक पार्श्वभूमी

यात्रा व साथरोग यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात पटकीच्या साथी वारंवार येत असत व मोठ्या यात्रांच्या ठिकाणी त्यांचा उद्रेक होई. १८६६ साली कॉन्स्टॅन्टिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने पटकीच्या प्रसाराच्या संदर्भात मक्केच्या यात्रेबरोबर हिंदुस्थानातील यात्रांकडेही बोट दाखविले. त्यानंतर यात्रास्थळांची स्वच्छता व पाणीपुरवठा हा वसाहतकालीन प्रशासनाच्या चिंतेचा विषय बनला. पंढरपूरही त्याला अपवाद नव्हते. यात्रेकडे पाहण्याची प्रशासनाची दृष्टी बहुतांशी गर्दी, घाण व रोग या तीन गोष्टींपुरती मर्यादित होती. यात्रेकरू आपल्या श्रद्धेने एक शिस्तबद्ध समाज उभा करतो, या वस्तुस्थितीला त्या दृष्टीत स्थान नव्हते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम अस्तित्वात आला. या कायद्याने सरकारला अत्यंत व्यापक अधिकार दिले. त्याच वर्षी हिंदुस्थानातून हजला जाण्यावर बंदी घालण्यात आली. पुण्यात घरोघरी घेतलेल्या झडत्या व सक्तीचे विलगीकरण यांमुळे निर्माण झालेला असंतोष आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेला हल्ला या घटना सर्वश्रुत आहेत. तेथील प्रशासनाचा हेतू रोगनिवारणाचा असला, तरी त्याची रीत लोकांच्या घराचा, देवघराचा व सोवळ्याओवळ्याचा अवमान करणारी ठरली. साथीच्या काळात लोकांचा विश्वास संपादन केल्याशिवाय केलेला उपाय प्रतिकारास जन्म देतो, हा त्या अनुभवाचा धडा होय.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कोरोनाच्या प्रतिबंधासाठी याच १८९७ च्या कायद्याचा आधार घेतला. कायदा तोच असला तरी परिस्थितीत दोन मूलभूत फरक होते. एक म्हणजे निर्बंध घालणारे शासन लोकनियुक्त होते व पालखी सोहळ्यांच्या प्रमुखांशी चर्चा करूनच निर्णय घेणे त्याला क्रमप्राप्त होते. दुसरे म्हणजे घरात थांबलेल्या माणसापर्यंत देवाचे रूप व कीर्तनाचा आवाज पोहोचविणारी साधने आता उपलब्ध होती. १८९७ साली घरात अडकलेल्या भाविकाला यांपैकी काहीच लाभले नव्हते.

५. वारकरी परंपरा आणि तंत्रसाधने

डिजिटल साधने वारीत महामारीमुळे एकाएकी आली असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. वारकरी परंपरेने प्रत्येक काळातील साधन आपल्या कामास लावले आहे. मुखपरंपरेने व हस्तलिखित वह्यांतून चालत आलेली तुकारामांची अभंगवाणी मुंबई सरकारच्या आश्रयाने इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत छापली गेली. छापील गाथा हाती आली म्हणून फडावरील पाठांतर थांबले नाही. बार्शी लाइट रेल्वे १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत पोहोचली. आगगाडीने येणाऱ्या यात्रेकरूंची सोय झाली, परंतु पायी चालणाऱ्या दिंड्या ओस पडल्या नाहीत. वाहनाने येणारा तो यात्रेकरू व पायी येणारा तो वारकरी असा भेद उलट अधिक ठळक झाला.

प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटाने संतचरित्र पडद्यावर आणले. ध्वनिमुद्रिका व आकाशवाणीने अभंग घराघरांत पोहोचविला. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले व पुढे आषाढीच्या शासकीय महापूजेचे प्रक्षेपण हा वार्षिक परिपाठ बनला. २०११ च्या सुमारास ‘फेसबुक दिंडी’ हा उपक्रम सुरू झाला व पालखीच्या रोजच्या वाटचालीची छायाचित्रे परदेशस्थ मराठी भाविकांपर्यंत जाऊ लागली. याचा अर्थ असा की, प्रत्यक्ष वारीला न येऊ शकणारा भाविक हा वर्ग महामारीपूर्वीच या साधनांशी परिचित झाला होता. २०२० मध्ये फरक पडला तो असा की, साऱ्या वारकऱ्यांवरच त्या वर्गात जाऊन बसण्याची वेळ आली.

६. २०२० व २०२१ ची वारी

१७ मार्च २०२० पासून पंढरपूरचे विठ्ठल मंदिर भाविकांसाठी बंद करण्यात आले. देवाचे नित्योपचार मात्र आत यथाविधी चालू राहिले. २५ मार्चपासून, म्हणजे गुढीपाडव्याच्याच दिवसापासून, देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. एप्रिलमधील चैत्री वारी भाविकांविना पार पडली. त्यानंतर आषाढीचे काय, हा प्रश्न उभा राहिला.

शासन व सोहळ्यांचे प्रमुख यांच्या विचारविनिमयातून पायी वारी न काढता पादुका नेण्याचा निर्णय झाला. १२ जून २०२० रोजी देहू येथे व १३ जून रोजी आळंदी येथे मोजक्या मंडळींच्या उपस्थितीत प्रस्थान सोहळा पार पडला. प्रस्थान झाले, परंतु पालख्या गावाबाहेर पडल्या नाहीत. आळंदीत माउलींच्या पादुका आजोळघरी विराजमान राहिल्या, तर तुकोबांच्या पादुका देहूतच राहिल्या. वाटेवरील मुक्कामांच्या दिवशी व्हावयाचे भजन, कीर्तन व जागर जागच्या जागी करण्यात आले. ३० जून रोजी, आषाढ शुद्ध दशमीला, सजविलेल्या एस.टी. बसमधून पादुका पंढरपुरास नेण्यात आल्या. १ जुलै २०२० रोजी एकादशीच्या पहाटे तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते शासकीय महापूजा झाली. पंढरपुरात संचारबंदी होती. लाखो माणसांनी फुलून जाणारे चंद्रभागेचे वाळवंट त्या दिवशी रिकामे होते.

२०२१ मध्ये निर्बंधांत काहीशी सवलत होती. दहा मानाच्या पालख्यांना मर्यादित वारकऱ्यांसह बसने जाण्याची परवानगी मिळाली आणि वाखरीपासून पुढील टप्प्यात सुमारे दीड किलोमीटर अंतर प्रतीकात्मक रीतीने पायी चालण्याची मुभा देण्यात आली. २० जुलै २०२१ रोजी आषाढी एकादशी झाली. या वर्षी पायी वारीच्या परवानगीसाठी काही वारकऱ्यांनी आग्रह धरला व प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने याचिका फेटाळली. दर्शनाची सोय घरबसल्या उपलब्ध असताना आणि पादुका पंढरपुरास जाणार हे निश्चित असतानाही हा आग्रह का धरला गेला, याचे उत्तर वारीतील चालण्याच्या स्थानात आहे. शासनाने मान्य केलेले ते दीड किलोमीटरही याच गोष्टीची कबुली देतात. आरोग्याच्या दृष्टीने त्या अंतराने काही साधत नव्हते. परंपरेच्या दृष्टीने मात्र चालल्याशिवाय वारी पुरी होत नव्हती.

७. डिजिटल साधनांचे कार्य

या दोन वर्षांत डिजिटल साधनांनी जे कार्य केले ते कमी लेखण्याजोगे नाही. त्याचे तीन भाग करता येतात.

पहिला भाग दर्शनाचा. मंदिर समितीच्या संकेतस्थळावरून होणारे थेट दर्शन, दूरदर्शनवरील महापूजेचे प्रक्षेपण आणि वाहिन्यांनी दाखविलेले प्रस्थान सोहळे यांमुळे मंदिराचे दार बंद असतानाही देवाचे रूप भाविकांच्या दृष्टीआड झाले नाही. एरवी दर्शनबारीत दीर्घकाळ तिष्ठून क्षणभर मिळणारे दर्शन आता हवे तितका वेळ मिळू लागले. प्रत्यक्ष गर्दीत मागे राहणाऱ्या वृद्ध, अपंग व आजारी भाविकांना याचा विशेष लाभ झाला.

दुसरा भाग श्रवणाचा. कीर्तन ही श्रोत्यांच्या साक्षीने फुलणारी कला आहे. टाळकऱ्यांची साथ व समोरच्या समुदायाचा गजर यांविना ती अपुरी वाटते. तरीही अनेक कीर्तनकारांनी भ्रमणध्वनीसमोर उभे राहून कीर्तने केली व ती यूट्यूब आणि फेसबुकवरून ऐकली गेली. गावोगावचे हरिनाम सप्ताह बंद पडले असताना कीर्तनपरंपरेचा खंड त्यामुळे काही अंशी भरून निघाला.

तिसरा भाग संघटनेचा आहे व त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. दिंडी म्हणजे चालणाऱ्यांची रांग एवढेच नव्हे. ते वर्षभर टिकणारे नाते आहे. दिंडीतील मंडळी एरवी आषाढीच्या निमित्ताने एकत्र येत. या दोन वर्षांत व्हॉट्सॲपच्या गटांतून रोजच्या हरिपाठाची आठवण, आजारी वारकऱ्याची विचारपूस, निधन पावलेल्यांची वार्ता व मदतीची देवाणघेवाण होत राहिली. वारी न निघताही दिंडी मोडली नाही, याला या साध्या साधनाचा मोठा हातभार लागला.

८. डिजिटल साधनांच्या मर्यादा

वारीची जी अंगे दृश्य व श्राव्य नव्हती, ती पडद्यावर आली नाहीत. यांपैकी पहिले अंग चालण्याचे. शरीर झिजवून केलेला नेम हा वारीचा गाभा आहे. ऊन, पाऊस, चिखल सोसत केलेल्या वाटचालीला पर्याय म्हणून घरातील आसनावर बसून पाहिलेली चित्रफीत उभी करता येत नाही. दुसरे अंग स्पर्शाचे. १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, राज्यातील धार्मिक स्थळे उघडली, तेव्हा विठ्ठल मंदिरात आधी नोंदणी करून केवळ मुखदर्शन घेता येत होते. पदस्पर्श दर्शन २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्यापासूनच पुन्हा सुरू झाले. पडद्यावर चोवीस तास दर्शन उपलब्ध असताना भाविक दोन वर्षे पायांची वाट पाहत राहिले, यातच पडद्याची मर्यादा स्पष्ट होते.

तिसरे अंग देण्याघेण्याचे. पालखीमार्गावरील गावांसाठी वारी म्हणजे वर्षातून एकदा दारी येणारा संतांचा मेळा. भाकरी, पिठले, चहा, पाणी, पायांना तेल, रात्रीचा आसरा या रूपांत ही गावे जे देतात, तीच त्यांची वारी होय. पंढरपुरास कधीही न गेलेली कितीतरी घरे या दानामुळे वारकरी परंपरेत सामील आहेत. थेट प्रक्षेपणात आळंदी व देहू दिसले, पंढरपूर दिसले, परंतु मधली वाट दिसली नाही. वाटेवर काही घडतच नव्हते, मग दाखविणार तरी काय? देण्याचा अधिकार गमावलेल्या या गावांसाठी कोणतेही डिजिटल साधन उपयोगी पडले नाही.

चौथे अंग उपजीविकेचे. पंढरपूरची अर्थव्यवस्था चार वाऱ्यांवर उभी आहे. कुंकू, बुक्का, चुरमुरे यांचे दुकानदार, तुळशीच्या माळा तयार करणारा काशीकापडी समाज, चंद्रभागेत होड्या चालविणारे कोळी बांधव, टाळ-मृदंग विकणारे कारागीर, मठ व धर्मशाळांतील सेवक या सर्वांचे वर्षाचे गणित या यात्रांतून बसते. २०२० च्या चैत्रीपासून हे गणित विस्कटले. देवाचे दर्शन दूरवर पोहोचले, परंतु देवाच्या गावातील माणसाच्या हाती त्यातून काही आले नाही.

पाचवी मर्यादा समतेची. वारीत प्रत्येकाला पाय असतात या गृहीतावर समता उभी असते. डिजिटल वारीत प्रत्येकाजवळ स्मार्टफोन, तो चालविण्याचे ज्ञान व इंटरनेटची जोडणी असावी लागते. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या खेड्यातील वृद्ध स्त्रीला वारी ही वर्षभराच्या घरकामातून व शेतकामातून मिळणारी एकमेव स्वतंत्र वाट असते. तिच्या घरात फोन असला तरी तो बहुधा मुलाच्या वा नातवाच्या हाती असतो. वाटेवर स्वतःच्या पायांनी चालणारी ही स्त्री घरातील डिजिटल वारीत दुसऱ्यावर अवलंबून झाली. या बदलाची नोंद वारीच्या इतिहासात होणे आवश्यक आहे.

९. परंपरेतील प्रतिनिधित्वाची व्यवस्था

आता मूळ प्रश्न उरतो. इतकी अंगे गळूनही वारीचा नेम चुकला, अशी भावना संप्रदायात सर्वत्र का पसरली नाही? याचे उत्तर परंपरेच्या अंतर्गत रचनेत शोधावे लागते.

पालखी सोहळाच मुळी प्रतिनिधित्वावर आधारलेला आहे. पालखीत पादुका असतात व त्या पादुका म्हणजे साक्षात संत अशी वारकऱ्यांची धारणा असते. गावातील ज्याला वारीला जाणे शक्य नसते, तो जाणाऱ्याजवळ देवासाठी दक्षिणा, नारळ वा नुसता निरोप देतो आणि तो परतल्यावर त्याच्या पाया पडून प्रसाद व बुक्का घेतो. एकाने चालावे व त्यात अनेकांचे चालणे सामावावे, ही कल्पना अशा रीतीने प्रथेतच रुजलेली आहे. २०२० मध्ये बसमधून गेलेले मोजके मानकरी याच अर्थाने साऱ्या वारकऱ्यांच्या वतीने गेले.

घरी राहून केलेल्या भक्तीलाही संप्रदायात आधार आहे. मातापित्यांच्या सेवेत रमलेल्या पुंडलिकाच्या भेटीसाठी देवच त्याच्या दारी आला व विटेवर उभा राहिला, ही पंढरपूरची मूळ कथा होय. माढा तालुक्यातील अरणचे सावता माळी यांनी आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. त्यांच्या भेटीसाठी विठ्ठलाची पालखी पंढरपुराहून अरणला जाते, ही प्रथा प्रसिद्ध आहे. म्हणजे भक्त देवाकडे जातो त्याप्रमाणे प्रसंगी देवही भक्ताकडे येतो, हे सूत्र परंपरेला परके नाही. टाळेबंदीत अनेक वारकऱ्यांनी घराच्या अंगणात अथवा गावाच्या मंदिराभोवती प्रदक्षिणा घालून, एकादशीचा उपवास व हरिपाठ करून आपला नेम पाळला. त्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नव्हती. गळ्यातील माळ, मुखातील नाम व पंधरवड्याची एकादशी ही तर कोठेही पाळता येणारी व्रते आहेत.

डिजिटल साधने यशस्वी झाली ती या व्यवस्थेला जोडली गेल्यामुळे. पडद्यावर पाहणाऱ्याला आपण वारी केली असे वाटले नाही. आपल्या वतीने पादुका गेल्या व त्या पोहोचल्याचे आपण डोळ्यांनी पाहिले, असे समाधान त्याला मिळाले. म्हणजे पडदा हा वारीचा पर्याय न ठरता साक्षीदार ठरला.

१०. अन्य उत्सवांशी तुलना

ही मांडणी इतर उत्सवांच्या उदाहरणांवरूनही तपासता येते. २०२० च्या गणेशोत्सवात शासनाने सार्वजनिक मूर्तींसाठी चार फूट व घरगुती मूर्तींसाठी दोन फूट अशी उंचीची मर्यादा घातली आणि ऑनलाइन दर्शनावर भर देण्याचे आवाहन केले. मुंबईत १९३४ पासून उत्सव साजरा करणाऱ्या लालबागच्या मंडळाने त्या वर्षी मूर्तीची स्थापना न करता रक्तदान व प्लाझ्मादानासह ‘आरोग्योत्सव’ केला. गणेशोत्सवाला घरगुती पूजेचे भक्कम अधिष्ठान असल्याने सार्वजनिक रूप आकसूनही उत्सव टिकला. ओडिशातील पुरी येथील रथयात्रेला सर्वोच्च न्यायालयाने १८ जून २०२० रोजी स्थगिती दिली व २२ जून रोजी भाविकांच्या गर्दीविना ती काढण्यास परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी मर्यादित सेवकांनी रथ ओढले व भाविकांनी दूरचित्रवाणीवर सोहळा पाहिला. रथ ओढला जाणे हे तेथे अपरिहार्य मानले गेले, जसे येथे पादुकांचे पंढरपुरास जाणे. तिन्ही ठिकाणी परंपरेने आपला गाभा स्वतः ठरवला व साधने त्याच्या सेवेस घेतली.

११. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) साथीच्या काळात यात्रांवर निर्बंध येणे हे महाराष्ट्राच्या इतिहासात नवे नाही. तथापि १८९७ च्या तुलनेत २०२० मध्ये परंपरेच्या वाहकांशी झालेला संवाद हा निर्बंध स्वीकारले जाण्याचे महत्त्वाचे कारण ठरला.

२) मुद्रण, रेल्वे, चित्रपट व दूरदर्शन यांप्रमाणेच डिजिटल साधनांचाही वारकरी परंपरेने स्वीकार केला. यांपैकी कोणत्याही साधनाने पायी वारीची जागा घेतली नाही.

३) डिजिटल साधनांनी दर्शन, श्रवण व दिंडीतील परस्परसंपर्क ही कार्ये केली. चालणे, पदस्पर्श, अन्नदान, उपजीविका व समता ही अंगे त्यांच्या आवाक्याबाहेर राहिली.

४) परंपरेचे सातत्य पादुका, प्रतिनिधी व नित्यनेम यांच्या अंतर्गत व्यवस्थेमुळे टिकले. डिजिटल साधनांची भूमिका साक्षीची व साहाय्याची होती.

५) डिजिटल प्रसारणात पालखीमार्गावरील गावे व तळातील व्यावसायिक अदृश्य झाले. भविष्यात असे संकट ओढवल्यास केवळ दर्शनाची सोय करून भागणार नाही. या घटकांचाही विचार नियोजनात व्हावयास हवा.

१२. समारोप

जून २०२२ मध्ये देहू व आळंदीहून पालख्या पुन्हा पायी निघाल्या आणि १० जुलै २०२२ रोजी आषाढी एकादशीला पंढरपूर भाविकांनी फुलून गेले. घरबसल्या दर्शनाची सवय लागलेले लोक यापुढे पायी येणार नाहीत, ही शंका त्या गर्दीने दूर केली. मात्र इतिहासाच्या अभ्यासकांचे एक काम अद्याप बाकी आहे. या दोन वर्षांतील वारीच्या चित्रफिती, ऑनलाइन कीर्तने, दिंड्यांच्या गटांतील संदेश ही सारी इतिहासाची साधने आहेत. कागदी दप्तराप्रमाणे ती वाड्याच्या माळ्यावर शतकभर पडून राहत नाहीत. फोन बदलला, खाते बंद झाले की ती नाहीशी होतात. शिवाय त्यांत जे दिसते त्याहून जे दिसत नाही ते अधिक मोलाचे आहे. वाटेवरच्या गावांनी त्या दोन आषाढांत काय अनुभवले, माळा विकणाऱ्यांनी वर्ष कसे काढले, घरी राहिलेल्या वारकरी स्त्रियांनी नेम कसा पाळला, हे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवण्याचे काम महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हाती घ्यावयास हवे. पालखीमार्गावरील आणि पंढरपूर परिसरातील महाविद्यालयांना हे काम सहज करता येण्याजोगे आहे. ते वेळीच झाले नाही, तर रिकाम्या वाळवंटाची चित्रे तेवढी मागे राहतील आणि त्या वर्षीच्या वारीची माणसे इतिहासातून निसटून जातील.